ज्याची बॅट, त्याची बॅटिंग : आशियाच्या ई-स्पोर्ट्स फेडरेशनची गोष्ट

ज्यांचं लोकलमध्ये ऐकता ऐकता नेटवर्क गेलं, किंवा ज्यांना कानापेक्षा डोळ्यांनी ऐकायला आवडतं, त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लेखी पाठ. अडखळलेलं काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

तर चला, २०१८ च्या ऑगस्ट महिन्यात जाऊ. जकार्ता. एशियन गेम्स चालू आहेत. आपल्याकडे टीव्हीवर नीरज चोप्राचा भाला, स्वप्ना बर्मनचं हेप्टॅथलॉन आणि कबड्डीत इराणकडून हरल्याची हळहळ. त्याच शहरात एका हॉलमध्ये गुजरातमधल्या भुजचा तीर्थ मेहता नावाचा एक मुलगा कॉम्प्युटरसमोर बसून ‘हार्थस्टोन’ खेळतोय. हार्थस्टोन म्हणजे पत्त्यांसारखा डिजिटल खेळ. प्रत्येकाचा आपला गठ्ठा, प्रत्येक पानाची वेगळी ताकद, आणि समोरच्याच्या हातात काय असेल याचा अंदाज घेत खेळायचं. हॉंगकॉंगच्या खेळाडूला सुवर्ण, इंडोनेशियाच्या खेळाडूला रौप्य, आणि आपल्या तीर्थला कांस्य. एशियन गेम्सच्या स्टेजवर ई-स्पोर्ट्समध्ये भारताला मिळालेलं हे पहिलं पदक.

आता त्या वर्षीची भारताची पदकतालिका उघडा आणि तीर्थचं पदक शोधा. सापडणार नाही. कारण तो प्रकार ‘प्रात्यक्षिक’ म्हणून ठेवलेला होता. पदक गळ्यात पडतं, पण हिशोबात धरत नाहीत.

हिशोबात कुणी धरायचं, कुणी नाही, हे ठरवतं कोण? तेच आजच्या एपिसोडचं प्रकरण आहे. एशियन इलेक्ट्रॉनिक स्पोर्ट्स फेडरेशन, म्हणजे एईएसएफ. मुख्य कार्यालय हॉंगकॉंगमध्ये. आशियाभरातल्या देशोदेशींच्या ई-स्पोर्ट्स संघटना हिच्या सदस्य. आणि ऑलिम्पिक कौन्सिल ऑफ एशिया, म्हणजे जी एशियन गेम्स भरवते ती ओसीए, हिलाच या खेळाची अधिकृत खंडीय संघटना मानते.

नाव ऐकून झोप येतेय ना? मलाही आधी आली होती. फेडरेशन, कौन्सिल, जनरल असेंब्ली, घटना-दुरुस्ती. पण थांबा जरा, या कागदपत्रांच्या खाली मजेशीर भांडण आहे.

खेळ कुणाच्या मालकीचा?

कबड्डी घ्या. कबड्डीचा मालक कोण? कुणीच नाही. हुतूतू गावोगाव खेळला जायचा, नियम महाराष्ट्रात बसून कागदावर आले, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तो परदेशी लोकांना खेळून दाखवला. शंकरराव ऊर्फ बुवा साळवींसारख्या माणसांनी आयुष्य घातलं. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये कबड्डी प्रात्यक्षिक म्हणून आली आणि १९९० साली बीजिंगला पदकाचा खेळ झाली. तीर्थ मेहता ज्या दारात उभा होता, त्याच दारात कबड्डी आठ वर्षं उभी होती.

पण एक फरक आहे, आणि सगळी गोष्ट त्या फरकावर फिरते. कबड्डी संघटनेचे लोक आपसात कितीही भांडले (आणि भांडतातच, कोर्टापर्यंत जातात) तरी उद्या कुणी एक कंपनी येऊन ‘आजपासून कबड्डी बंद’ म्हणू शकत नाही. व्हिडिओ गेमचं तसं नाही. हार्थस्टोन ब्लिझार्ड कंपनीचा आहे. लीग ऑफ लेजेंड्स रायट गेम्सचा. डोटा २ वाल्वचा. मैदान त्यांचं, चेंडू त्यांचा, नियम त्यांचे, आणि पाहिजे तेव्हा सर्व्हर बंद करायचं बटणही त्यांचंच. आपल्या गल्लीतला नियम आठवा, ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग. तो रुसला की बॅट घेऊन घरी गेला, मॅच संपली.

मग अशा खेळाची ‘फेडरेशन’ नेमकं काय चालवणार?

कोरियातला धडा

हा प्रश्न आशियात सगळ्यात आधी पडला दक्षिण कोरियाला. १९९७ च्या आर्थिक संकटात तिथल्या खूप लोकांच्या नोकऱ्या गेल्या. सरकारनं त्याच काळात इंटरनेटच्या जाळ्यावर जोर लावला. गल्लोगल्ली ‘पीसी बांग’ उघडले. बांग म्हणजे खोली. आपल्या सायबर कॅफेचाच भाऊ, फक्त जास्त जोमाचा. १९९८ मध्ये ब्लिझार्डचा ‘स्टारक्राफ्ट’ आला आणि या खोल्या पोरांनी भरून गेल्या. थोड्याच दिवसांत टीव्हीवर मॅच दिसायला लागल्या, टीमना मोठ्या कंपन्यांचे स्पॉन्सर मिळाले.

(इथे एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या कॉलेजच्या मागे एक कॅफे होता, तासाला वीस रुपये, काउंटर-स्ट्राइक १.६. दोन मॉनिटर कायम बंद. तिथे आमचीही ‘लीग’ होती, नियम होते, बक्षीस वडापावचं. लीगचा अध्यक्ष कॅफेचा मालक, कारण लाइटचं मेन स्विच त्याच्या टेबलाखाली. संस्थात्मक रचना म्हणून पाहिलं तर आम्ही काळाच्या फार मागे नव्हतो.)

२००० साली कोरियात केस्पा ही ई-स्पोर्ट्स संघटना सरकारच्या मान्यतेनं उभी राहिली. खेळाडूंची नोंदणी, लीगचं वेळापत्रक, पंच, शिस्त, सगळं रीतसर. पुढे २००८ मध्ये केस्पाच्या पुढाकारानं नऊ देशांच्या संघटना एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय ई-स्पोर्ट्स फेडरेशन, आयईएसएफ, तयार झाली.

आणि मग व्हायचं तेच झालं. केस्पा स्टारक्राफ्टच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क विकत होती. ब्लिझार्ड म्हणाली, थांबा, गेम आमचा आणि हक्क तुम्ही विकणार? केस्पाची बाजू अशी की लीग आम्ही उभी केली, प्रेक्षक आम्ही जमवले, दहा वर्षं घाम आम्ही गाळला. वाटाघाटी फिसकटल्या. २०१० मध्ये ब्लिझार्डनं प्रक्षेपणाचे हक्क दुसऱ्याच एका कंपनीला देऊन टाकले आणि प्रकरण कोर्टात गेलं. २०११ च्या मे महिन्यात तडजोड झाली. त्यातच २०१० मध्ये स्टारक्राफ्टमध्ये मॅच-फिक्सिंग उघडकीला आलं आणि केस्पानं गुंतलेल्या खेळाडूंवर कायमची बंदी घातली.

मला वाटतं, या दोन घटना एकाच वेळी घडल्या ते बरं झालं. दोन्ही बाजूंचं खरं उघड झालं. फिक्सिंग निस्तरायला संघटना लागते. कंपनीला त्यात रस असेलच असं नाही. पण खेळाचा मालक कंपनीच आहे, हे संघटनेनं कितीही नाकारलं तरी कागदावर तसंच राहतं.

मकाऊचं आतलं दार

इकडे ओसीएनं ई-स्पोर्ट्सला आधीच एका बाजूच्या दारातून आत घेतलं होतं. २००७ साली मकाऊला एशियन इंडोअर गेम्स झाले. मुख्य एशियाडचा हा धाकटा भाऊ. फुटसाल, बुद्धिबळ, इनडोअर ॲथलेटिक्स असे प्रकार. त्यात इलेक्ट्रॉनिक स्पोर्ट्सला पदकं होती. फुटबॉल, बास्केटबॉल, गाड्यांची शर्यत असे ‘सभ्य’ गेम निवडले होते. २००९ मध्ये हनोई, २०१३ मध्ये इंचॉन. इंचॉनला लीग ऑफ लेजेंड्स आणि स्टारक्राफ्ट २ सुद्धा होते. म्हणजे तीर्थ जकार्ताला बसला त्याच्या अकरा वर्षं आधीपासून आशिया या खेळाला पदकं देत होता, फक्त बघत कुणी नव्हतं.

ऑलिम्पिकच्या जगात एक पक्का नियम आहे. प्रत्येक खेळाची एका खंडात एकच मान्य संघटना. एका देशाची एकच. खेळाडू थेट येऊ शकत नाही. त्याच्या देशाची संघटना, तिला देशाच्या ऑलिम्पिक समितीची संमती, वर खंडीय संघटना, त्याच्यावर ओसीए. ओसीएकडे ४५ ऑलिम्पिक समित्या. ज्या खेळाकडे अशी उतरंड नाही, तो खेळ एशियाडच्या दृष्टीनं अस्तित्वातच नाही. एईएसएफची खरी गरज ही आहे. ती नसती तर गेमिंग कंपन्यांनी आपापले वर्ल्ड कप भरवलेच असते, भरवतातच. पण देशाचा झेंडा, राष्ट्रगीत, खेळाडूंच्या गावात खोली, या गोष्टी कंपनी देऊ शकत नाही.

सध्याच्या एईएसएफचा चेहरा म्हणजे तिचे अध्यक्ष केनेथ फोक. हॉंगकॉंगच्या फोक घराण्याचे. आजोबा हेन्री फोक नावाजलेले उद्योगपती, वडील टिमोथी फोक हॉंगकॉंगच्या ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष, आणि पत्नी गुओ जिंगजिंग ही चीनची ऑलिम्पिक सुवर्णविजेती डायव्हर. क्रीडा संघटना आणि मोठी घराणी यांचं नातं आपल्याला नवीन नाही, त्यामुळे यावर मी जास्त बोलत नाही.

अलीबाबा आला

एप्रिल २०१७. ओसीएनं अलीबाबाच्या क्रीडा शाखेबरोबर, अलीस्पोर्ट्सबरोबर, करार जाहीर केला. २०१८ ला जकार्तात प्रात्यक्षिक, २०२२ ला हांगझोऊत पूर्ण पदकं. अलीबाबाचं मुख्यालय कुठे? हांगझोऊत. बाकी तुम्ही समजदार आहात.

चीनचं या खेळाशी असलेलं नातं मात्र विचित्र आहे. २००३ मध्ये तिथल्या क्रीडा प्रशासनानं ई-स्पोर्ट्सला अधिकृत खेळ म्हणून मान्यता दिली, देशातला ९९ वा. पुढच्याच वर्षी टीव्हीवर गेमचे कार्यक्रम दाखवायला बंदी. एक हात डोक्यावर आशीर्वादाला, दुसरा कान पिळायला. हे तिथे पुढेही चालूच राहिलं, ते येईलच.

जकार्ताला सहा गेम ठरले : लीग ऑफ लेजेंड्स, अरीना ऑफ व्हॅलर, प्रो इव्होल्युशन सॉकर, स्टारक्राफ्ट २, हार्थस्टोन आणि क्लॅश रॉयाल. ज्या कोरियाला याची पंढरी म्हणतात, तोच कोरिया यायचा राहत होता. कारण? कागद. केस्पाचं कोरियाच्या क्रीडा आणि ऑलिम्पिक समितीतलं सदस्यत्व तोपर्यंत निसटलं होतं. हव्या तितक्या प्रादेशिक शाखा नसल्यानं ते टिकलं नाही. आणि सदस्यत्व नाही तर राष्ट्रीय संघ नाही. शेवटी डेजॉन शहराच्या क्रीडा परिषदेचं सदस्यत्व मिळवून केस्पानं ऐनवेळी मार्ग काढला. जगातला सगळ्यात नावाजलेला खेळाडू ‘फेकर’, म्हणजे ली सांग-ह्योक, एका शहराच्या परिषदेच्या शिक्क्यामुळे जकार्ताला पोचला. आणि तिथे फायनलला चीननं कोरियाला ३-१ हरवलं.

तीर्थच्या पदकानंतर दोन-चार दिवस आपल्याकडे बातम्या आल्या. ‘घरच्यांनी ओरडा दिला नाही का?’ छापाचे प्रश्न. नंतर शांत.

आणि त्याच जकार्तात, स्पर्धा संपता संपता, आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष थॉमस बाख यांनी एका वृत्तसंस्थेला सांगितलं की ज्या गेममध्ये माणसं मारायची असतात, ते ऑलिम्पिक मूल्यांत बसत नाहीत, त्यांना जागा मिळणार नाही. त्यांचा मुद्दा असा की प्रत्येक लढाऊ खेळाचं मूळ खऱ्या मारामारीत असलं तरी खेळ हे तिचं सुसंस्कृत रूप आहे. बाख स्वतः तलवारबाजीतले ऑलिम्पिक सुवर्णविजेते. मला या युक्तिवादात तथ्य दिसतं आणि गडबडही दिसते. पडद्यावरचा राक्षस पडला की हिंसा, आणि रिंगमध्ये खरा माणूस बेशुद्ध पडला की खेळ? पण आशियाच्या फेडरेशनला वाद घालून चालणार नव्हतं. तिला वरच्यांचं ऐकून घ्यायचं होतं आणि खालच्यांना खेळवायचंही होतं. त्यातून जे निघालं ते हांगझोऊत दिसलं.

मधल्या काळात, २०१९ च्या डिसेंबरमध्ये, फिलिपिन्सनं आग्नेय आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला खरी पदकं देऊन टाकली. यजमानांनी सहापैकी तीन सुवर्णं घेतली. लोक मोबाइल लेजेंड्सच्या मॅचला क्रिकेटला ओरडावं तसे ओरडत होते. ओसीएला हे दृश्य आवडलं असणार.

हांगझोऊ

कोविडमुळे २०२२ ची स्पर्धा २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात झाली. हांगझोऊनं ई-स्पोर्ट्ससाठी स्वतंत्र स्टेडियम बांधलं, सुमारे चार हजार प्रेक्षकांचं, बाहेरून अवकाशयानासारखं. तिकिटांना इतकी मागणी की ई-स्पोर्ट्सची तिकिटं सोडत काढून विकावी लागली. आणि त्याच देशात २०२१ पासून नियम आहे की १८ वर्षांखालच्या मुलांनी शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी फक्त रात्री आठ ते नऊ ऑनलाइन गेम खेळायचा. आठवड्याचे तीन तास. एवढ्यात पुढचा चॅम्पियन कसा तयार होणार, हे तिथल्या कोचना विचारायला हवं.

सुरुवातीला आठ गेम जाहीर झाले होते. झाले सात. आठवा कुठे गेला?

हार्थस्टोन. तोच तीर्थवाला. ब्लिझार्डचे गेम चीनमध्ये नेटईझ ही कंपनी चालवायची. त्यांचा करार मोडला आणि जानेवारी २०२३ मध्ये ब्लिझार्डचे बहुतेक गेम चीनमध्ये बंद पडले. यजमान देशात जो गेम चालतच नाही, त्याची स्पर्धा कशी घेणार? वगळला. भारतानं हार्थस्टोनसाठी राष्ट्रीय स्पर्धा घेऊन खेळाडू निवडून ठेवले होते. त्यांनी काय चूक केली होती? काहीच नाही. जगाच्या इतिहासात असं किती वेळा झालं असेल की दोन कंपन्यांचा करार संपला आणि तुमचा खेळच एशियाडमधून गेला? ज्या एका प्रकारात आपल्याला आधी पदक मिळालं होतं, नेमका तोच. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते हेच. पुढे २०२४ मध्ये दोन्ही कंपन्यांचं पुन्हा जुळलं, हार्थस्टोन चीनमध्ये परत आलाही. पण तोवर वरात निघून गेली होती.

दुसरं उदाहरण पब्जीचं. तिथे ‘पीस एलिट’ या नावानं, ‘एशियन गेम्स आवृत्ती’ म्हणून. या आवृत्तीत एकमेकांना मारायचंच नाही! टीम धावतात, गाड्या हाकतात, वाटेतल्या टार्गेटवर नेम धरतात, आणि जो लवकर पोचेल तो जिंकला. म्हणजे पब्जीमधून पब्जी काढून उरलेलं जे, ते. यावर ऑनलाइन खूप हसू झालं. पण मी थोडा फेडरेशनच्या बाजूनं बोलतो. बाखसाहेबांना चालेल आणि कंपनीही करून देईल, असं दुसरं काही निघालं नसतं. नेमबाजी आणि शर्यत एकत्र करणारा बायॅथलॉन हिवाळी ऑलिम्पिकमध्ये असतोच की. फक्त लीग ऑफ लेजेंड्समध्ये आणि डोटामध्ये ‘किल’ मोजतात ते कसं चालतं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. बहुतेक बंदूक दिसली की हिंसा, जादूची कांडी दिसली की खेळ.

तिसरं, ‘ड्रीम थ्री किंगडम्स २’. तुम्ही खेळलायत? मीही नाही. चीनबाहेर फार कुणी खेळत नाही. बनवणारी कंपनी हांगझोऊची. यजमानाला आवडीचा खेळ ठेवायची मुभा एशियाडमध्ये पहिल्यापासून आहे, कबड्डीचं प्रात्यक्षिकही आपण यजमान असतानाच झालं. पण कबड्डी ठेवून कुणा कंपनीचा धंदा वाढला नव्हता. माझ्या मते हांगझोऊतला सगळ्यात लंगडा निर्णय हाच होता.

एवढं सगळं असूनही स्पर्धा सुरू झाल्यावर जे घडलं ते मात्र खरं होतं. २६ सप्टेंबर २०२३ ला एशियाडच्या इतिहासातलं ई-स्पोर्ट्सचं पहिलं अधिकृत सुवर्ण चीननं अरीना ऑफ व्हॅलरमध्ये घेतलं, मलेशियाला हरवून. डोटा २ च्या फायनलला मंगोलिया पोचला, रौप्य घेऊन गेला. लोकसंख्या पुणे जिल्ह्यापेक्षाही कमी, आणि फायनलला चीनसमोर.

आणि स्ट्रीट फायटर ५. कोरियाचा किम ग्वान-वू. वय ४४. बरोबर ऐकलंत. पोरांच्या खेळात काका. लहानपणी आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या त्या मशीनवर, वाढलेली पिढी. त्यानं सुवर्ण जिंकलं, आणि ते कोरियाचं ई-स्पोर्ट्समधलं पहिलंच एशियाड सुवर्ण ठरलं. फेकरच्याही आधी!

फेकरचं सुवर्ण दुसऱ्या दिवशी आलं. सेमीफायनलला कोरियानं चीनला हरवलं तेव्हाच खरी फायनल झाली असं तिथले लोक म्हणतात. पदकाच्या मॅचला फेकर आजारी होता, खुर्चीत दुसरा खेळाडू होता, पण टीम जिंकली. इथे पैजेवर काय होतं ते बघा. कोरियात तरुण मुलांना सक्तीची लष्करी सेवा असते, सुमारे दीड वर्ष. एशियाडचं सुवर्ण मिळालं की त्यातून जवळपास सूट. या खेळात रिफ्लेक्सचा काळ पंचविशीपर्यंतच. दीड वर्ष गेलं की करिअर गेलं. म्हणजे फेडरेशननं एखादा गेम यादीत घेतला की नाही घेतला, एवढ्यावर काही मुलांचं आयुष्य हललं. आणि २०१८ ला हीच फायनल जिंकली असती तरी ती प्रात्यक्षिक होती, सूट मिळाली नसती.

आणि आपण?

आपलं चित्र धूसर. २३ डिसेंबर २०२२ च्या अधिसूचनेनं केंद्र सरकारनं बहुक्रीडा स्पर्धांमधला ई-स्पोर्ट्स हा विषय क्रीडा खात्याकडे दिला. हांगझोऊच्या नऊ महिने आधी! तोवर हा विषय नेमका कुणाच्या टेबलावर, हेच स्पष्ट नव्हतं. देशात सगळ्यात जास्त खेळला जाणारा गेम पब्जी मोबाइल; सप्टेंबर २०२० मध्ये बंदी, मग बीजीएमआय नावानं परत, जुलै २०२२ मध्ये तोही गायब, मे २०२३ मध्ये पुन्हा हजर. अशा लपंडावात त्या प्रकारात आपला संघ हांगझोऊला नव्हताच.

जे गेले त्यांत लीग ऑफ लेजेंड्सची टीम चांगली खेळली. एईएसएफच्या मध्य आणि दक्षिण आशियाच्या सीडिंग स्पर्धेत अपराजित राहून थेट क्वार्टर फायनलला पोचली, तिथे व्हिएतनामकडून ०-२. डोटा टीम गटातच बाहेर. फिफात आणि स्ट्रीट फायटरमध्येही पदक नाही. भारताच्या संघटनेचे संचालक लोकेश सुजी हे आशियाई फेडरेशनचे उपाध्यक्षही राहिले आहेत, म्हणजे टेबलावर आपली खुर्ची आहे. पण खुर्ची असणं वेगळं आणि व्हिएतनामसारखी रोजची लीग असणं वेगळं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी, ई-स्पोर्ट्सला वेगळी कायदेशीर ओळख. घरी आता सांगता येईल, ‘आई, मी रमी नाही खेळत, हा कायद्यानं मान्य खेळ आहे.’ किती उपयोग होईल ते तुमच्या आईवर.

सगळ्यांना गादी हवी

एक भानगड राहिली. आशियात एईएसएफ एकटी असली तरी जगाच्या पातळीवर गादीसाठी रस्सीखेच आहे. कोरियात जन्मलेली आयईएसएफ एकीकडे, २०१९ च्या डिसेंबरमध्ये सिंगापूरला स्थापन झालेली ग्लोबल ईस्पोर्ट्स फेडरेशन दुसरीकडे. तिसरीकडे सौदी अरेबियाचा पैसा. ऑलिम्पिक समितीनं २०२४ मध्ये सौदीबरोबर ऑलिम्पिक ई-स्पोर्ट्स गेम्सचा बारा वर्षांचा करार केला, पहिली स्पर्धा २०२५ वरून २०२७ वर ढकलली, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये दोघांनी करारच संपवला. एकही मॅच न होता. सौदीचा स्वतःचा ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कप रियाधला जोरात चालूच आहे. त्याला ना खंडीय फेडरेशन लागते, ना ऑलिम्पिक समितीचा शिक्का. कंपन्यांशी थेट बोलणी, थेट पैसे.

म्हणून या सगळ्या गर्दीत हॉंगकॉंगच्या त्या फेडरेशनचं काम मला महत्त्वाचं वाटतं, तिच्यावर चिडूनसुद्धा. ऑलिम्पिकच्या चौकटीत राहून, देशांच्या संघांना घेऊन, खरी पदकं लावून मोठ्या स्टेजवर ई-स्पोर्ट्स आणायचं आशियाला जमलं. तेच पूर्ण जगाला अजून जमलेलं नाही.

पुढचा मुक्काम जपान. आयची-नागोया एशियन गेम्स, १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२६. ई-स्पोर्ट्सची पदकं सातवरून अकरावर. यादीत ग्रॅन टुरिझ्मो ७, पोकेमॉन युनाइट, ईफुटबॉल आणि चक्क ‘पुयो पुयो’, तो रंगीत थेंब जुळवायचा खेळ. यजमान जपान आहे हे यादी वाचून कुणीही ओळखेल. मारामारीच्या खेळांत एकच गेम न ठेवता स्ट्रीट फायटर, टेकन आणि किंग ऑफ फायटर्स असे तिन्ही एकत्र घेतलेत, म्हणजे एका कंपनीनं बॅट उचलून नेली तरी दोन बॅट शिल्लक. ही अक्कल हार्थस्टोनवरून आली का, कोण जाणे.

पब्जी मोबाइलही आहे, पुन्हा ‘एशियन गेम्स आवृत्ती’. हार्थस्टोन यादीत नाही.